कृपा नको, जागा सांगा

नाताळ विशेषांकासाठी लेख हवा म्हणून कुमुदताईंचा फोन आला, तेव्हाच माझ्या कपाळावर आठी पडली. कुमुदताई आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वार्षिकाच्या संपादक. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण समोरच्या माणसाला चौथीतला विद्यार्थी समजण्याची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. लेख मी लिहायचा होता, पण मथळा त्यांनी आधीच ठरवला होता: ‘अपघातातून आशीर्वादाकडे’. शेवटही ठरला होता. देवाने माझा एक पाय घेतला तो शेकडो लोकांना पाय मिळावेत म्हणून, असं मी ‘माझ्या शब्दांत’ लिहायचं. मधली जागा तेवढी मी भरायची.

‘‘भाऊ, तुमच्या साक्षीने तरुणांना बळ मिळेल,’’ त्या म्हणाल्या.

‘‘ताई, हेच वाक्य मी उभा जन्म ऐकून राहिलो. आता पेन्शनीत तरी मले सोडा.’’

‘‘दोन हजार शब्द पुरेत,’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जे वाचक आमच्या मंडळीतले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून, आपल्यावर काय संकट आलं आणि देवाने त्यातून कसं तारलं, हे चारचौघांत सांगणं. पद्धत चांगली आहे. मीही कितीतरी साक्षी ऐकून डोळे पुसले आहेत. माझी तक्रार एवढीच, की साक्षीला शेवट गोडच लागतो. ज्याचं संकट अजून संपलेलं नाही, त्याने काय करावं? त्याने एक तर गप्प बसावं, नाहीतर संपलं म्हणून सांगावं.

माझं नाव शांतवन. आईवडिलांनी मोठ्या श्रद्धेने ठेवलं. इतरांचं सांत्वन करणारा माणूस त्यांना हवा होता, आणि पदरात पडलो मी, ज्याचं डोकं दिवसातून दोनदा तापतं. हुडकेश्वरला घर आहे. नोकरी केली ती कृत्रिम पाय तयार करणाऱ्या एका केंद्रात. तिथे पाय करणारा मीही एका पायाचाच होतो. डावा पाय गुडघ्याखाली नाही.

तो कसा गेला ते एकदाचं सांगून टाकतो. नाताळच्या आधी आमच्यात गाणी गात घरोघर फिरतात. त्या वर्षी टेम्पो केला होता. मी कॉलेजात होतो, ढोलकी माझ्याकडे. मागच्या फळीवर पाय खाली सोडून बसलो होतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याचा ब्रेक लागला नाही. एवढंच. ढोलकीला ओरखडासुद्धा आला नाही. त्यातही आमच्या एका काकांना संकेत दिसला.

मी दवाखान्यात पडलेला असताना जो येई तो अर्थ घेऊन येई. एका मावशीच्या मते देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिक्षा करतो. एका गृहस्थांना वाटलं, मला फुटबॉलचा फार गर्व झाला होता. तिसऱ्याने सांगितलं, ‘‘प्रभूले तुझ्याकडून मोठं काम घ्यायचं हाये.’’ मी मनात म्हटलं, मग दोन पायांनी जास्त झालं नसतं का? प्रभूची गाणी गात असताना प्रभूने पाय नेला, हे कोडं कुणालाच तसंच सोडून देववत नव्हतं. सगळ्यांना ते माझ्या खाटेवरच सोडवायचं होतं. माझ्या आईने मात्र कसलाच अर्थ आणला नाही. ती पायाच्या जागी रिकाम्या पडलेल्या चादरीची घडी सारखी करत बसायची.

पुढे मला पाय बसवायला त्या केंद्रात नेलं. तिथले मुख्य कारागीर गुलाबराव मिस्त्री. जाड मिशी, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि पेशंटशी बोलताना जणू आपलीच चप्पल कुणी चोरली आहे असा सूर. त्यांनी मला दोन समांतर दांड्यांच्या मध्ये उभं केलं आणि चालायला लावलं. नवा पाय असा टोचत होता की डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण मंडळीतल्या लोकांनी मला महिनोन्‌महिने तयार केलं होतं. मी दात आवळून म्हटलं, ‘‘प्रभूच्या कृपेने सर्व ठीक आहे.’’

गुलाबरावांनी खर्रा थुंकला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘का गा पोरा, कृपा तुह्या घरी. मले कृपा नोको सांगू, जागा सांग. कुठं दुखते थे बोट लावून दाखव.’’

मी बोट लावलं. नडगीचं हाड जिथे संपतं त्या टोकाला. अपघात झाल्यापासून, दुखतंय कुठे, हे मला विचारणारा तो पहिला माणूस. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे ते आणखी वैतागले. ‘‘आता रडून काहून राहिला? अर्ध्या घंट्याचं काम हाये.’’ खरोखर अर्ध्या तासात त्यांनी ती जागा मोकळी करून दिली. तिथेच मी ठरवलं की हेच काम शिकायचं. आता याला कुणी देवाचं पाचारण म्हणो. मला तर त्या माणसाचा हात पाहून हेवा वाटला होता.

आमचा धंदा बाहेरच्यांना सांगायचा तर असा आहे. उरलेल्या पायाला आम्ही स्टंप म्हणतो. हाडं कुठे वर येतात तिथे ओल्या पेन्सिलीने खुणा करायच्या, वर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, सुकल्या की तो साचा काढायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचं. म्हणजे स्टंपची हुबेहूब प्रतिकृती हाती येते. लोकांना वाटतं, झालं, आता त्यावर प्लास्टिक चढवलं की सॉकेट तयार. सॉकेट म्हणजे ज्यात स्टंप बसतो तो पेला. पण हुबेहूब सॉकेट केलं तर माणूस चार पावलंसुद्धा चालणार नाही. कारण स्टंपच्या काही जागा भार घेऊ शकतात आणि काही अजिबात घेऊ शकत नाहीत. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध घेतो, पोटरीचं मांस घेतं. नडगीचं टोक घेत नाही. म्हणून प्रतिकृतीवर भार घेणारी जागा घासून कमी करायची आणि हाडाच्या जागी प्लास्टर चढवायचं, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे पोकळी राहते. सगळी कला एवढ्यात आली. ती पेशंटच्या तोंडावर अवलंबून असते, कारण भार कुठे सोसतो आणि कुठे नाही, ते तोच सांगू शकतो. आपल्या लोकांना नेमकं तेच सांगता येत नाही.

अपवाद म्हणून पारशिवनीकडचे गणपतराव. धानाची शेती, मळणीयंत्रात पाय गेलेला. तक्रार करावी तर या माणसाने. सकाळी यायचे, सोबत भाकरी बांधून आणायचे आणि दुपारपर्यंत तक्रार सांगायचे. चिखलात पाय रुतला की सॉकेट वरच्या काठातून हवा ओढतं. शेताच्या धुऱ्यावरून उतरताना टाच आधी टेकते. एकदा फक्त एवढ्यासाठी आले की पाय वाजतो.

‘‘कुईकुई करते ना बाप्पा! मी पानठेल्याकडं निघालो की बायकोले घरात बसल्या बसल्या समजते. काई तरी करा, नाई तं संसार मोडते माह्या!’’

मी वैतागलो, त्यांच्यावर ओरडलो, पाय उघडला, वॉशर बदलला. पण मनातून मला हा माणूस फार आवडायचा. त्याच्या तक्रारीतून मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नाही. गणपतरावांचा देवाशी काही हिशेब नव्हता असं नाही. ते दर सोमवारी शंकराच्या देवळात जायचे. पण देवळातली गोष्ट ते देवळात करत आणि सॉकेटची गोष्ट माझ्याकडे.

आमची ख्रिस्ती मंडळी मात्र माझ्याकडे आली की सगळं गुळगुळीत. ‘‘सलाम भाऊ, प्रभूच्या दयेने उत्तम आहे.’’ चामडी सोलपटलेली असायची आणि हे उत्तम. मी विचारायचो, इथे दाबलं तर? ‘‘चालते भाऊ, आपल्या प्रभूने तर केवढं सोसलं.’’ अहो, प्रभूने सोसलं ते मान्य. पण त्याचा वधस्तंभ मी चुकीच्या मापाने बनवला नव्हता, तुमचं सॉकेट मी चुकवलं असेल, तर मला सांगा ना! असं मी कितीदा ओरडलो असेन. बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटायचं, शांतवनभाऊ पुन्हा कुणावर तरी धर्मावरून चिडले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी विमलाबाईंचा पाय केला. बेसा भागात राहतात, आमच्याच मंडळीतल्या. एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम करत उभं आयुष्य गेलं. साखरेच्या आजाराने उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. स्वभाव असा गोड की त्यांच्यावर रागवायलाही जीव होईना. दांड्यांच्या मध्ये चालल्या, हसल्या, म्हणाल्या, ‘‘भाऊ, जसा माह्याच पाय.’’ मी सॉकेट काढून चामडी पाहिली. टोकाशी लाली होती. विचारलं, तर ‘‘नाई, काईच नाई.’’ तरी मी तिथे थोडं घासून दिलं आणि आठवड्याने दाखवायला या म्हणून बजावलं.

आल्या नाहीत. मुलाला फोन केला तर म्हणाला, ‘‘आई तं छान आहे म्हणते काका.’’ रविवारी देवळात (आम्ही चर्चलाही देऊळच म्हणतो) पाहिलं तर त्या पुढे उभ्या राहून साक्ष देत होत्या. प्रभूने त्यांना नवा पाय दिला, काही काही दुखत नाही, त्याचं नाव धन्य असो. लोकांनी आमेन म्हटलं. मी त्यांचं बोलणं ऐकत नव्हतो, चाल पाहत होतो. बाकाकडे परतताना त्या पाय बाजूने गोल फिरवून टाकत होत्या. माणूस तसा चालतो ते फक्त टेकवायला नको म्हणून. उपासनेनंतर गाठलं, तर हात जोडून ‘‘सर्व ठीक’’ म्हणाल्या आणि नातवाच्या खांद्याला धरून निघून गेल्या.

इथे एक गोष्ट समजून घ्या. साखरेच्या पेशंटला जखम झाली की ती आतून वाढते आणि संवेदना कमी असल्याने कळतेही उशिरा. वाढली तर सर्जन पुन्हा कापतो आणि मग गुडघ्याच्या वर. गुडघा गेला की कृत्रिम पायाचं सगळं गणितच बदलतं. गुडघा असलेली बाई खुर्चीतून उठते, चूल सांभाळते, देवळाच्या पायऱ्या चढते. गुडघा नसलेली, त्यातून या वयाची, बहुतेक वेळा खाटेवर बसून राहते. विमलाबाईंचा गुडघा पणाला लागला होता आणि बाई आमेन म्हणत होत्या.

त्याच आठवड्यात त्यांच्याच घरी प्रार्थनासभा होती. मला सभा फारशा झेपत नाहीत, पण गेलो. समोरची खोली भरलेली. टीपॉयवर चिवड्याच्या बशा झाकून ठेवलेल्या. गाणी झाली, मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी बायबलमधलं वचन सांगितलं, विमलाबाई उठल्या आणि पुन्हा तीच साक्ष. त्या माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. लुगड्याच्या आड काही दिसत नव्हतं, पण वास येत होता. हा वास ज्याने एकदा घेतला आहे तो विसरत नाही.

साक्ष संपली आणि पाळकसाहेब माझ्याकडे वळले. तरुण माणूस, मनाने चांगला. म्हणाले, ‘‘आज विमलाआईंचा पाय घडवणारे हातही आपल्यात आहेत. शांतवनभाऊ, तुम्ही स्वतः या दुःखातून गेलात. दोन शब्द साक्षीचे बोला.’’

आता माझ्या डोक्याचा पारा किती चढला असेल ते सांगत नाही. मी उठलोच नाही. बसल्या जागी पँट वर गुंडाळली, पट्टा सोडला आणि माझा पाय काढून टीपॉयवर, चिवड्याच्या बशांच्या शेजारी ठेवला. बूट-मोज्यासकट. कुणीतरी ‘‘अरे प्रभू’’ म्हणालं.

‘‘साक्ष पाहिजे ना? घ्या,’’ मी म्हटलं. ‘‘इथं घट्टा हाये, कितीदा कापला तरी येते. इथं उन्हाळ्यात घामानं सालपट निघते. हे टोक थंडीत ठणकते. इतकी वर्षं मी पाय बनवून राहिलो, माह्या स्वतःचा पाय मले अजून दुखते. देवानं कायले नेला, मले नाई माहीत. ज्याले माहीत आहे त्यानं मले सांगू नये. विमलाबाई, आता तुमची पाळी. कृपा नोको, जागा सांगा.’’

मग स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची सून शीला बोलली, ‘‘आई, तुमी रात्रभर कण्हता. मले ऐकू येते वं आई.’’

विमलाबाईंचा चेहरा हळूहळू मोडला. ‘‘कसं सांगू बाई? प्रभूनं पाय देल्ला. भाऊनं एवढा जीव लावून बनवला. सारी मंडळी प्रार्थना करून राहिली. आन्‌ मी कुरकुर करू? लोक म्हणतीन, हिचा विश्वास कमी पडला.’’

‘‘पडू द्या कमी,’’ मी म्हटलं. ‘‘बोट लावा.’’

त्या खुर्चीत बसल्या आणि लुगड्यावरूनच बोट लावलं. नडगीचं टोक. पाय काढला, आतला लोकरीचा मोजा काढला. जखम बोटाच्या पेराएवढी खोल होती.

पाळकसाहेबांचं मला कौतुक वाटतं ते या क्षणासाठी. ते प्रार्थनेला उभे राहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. मग खिशातून गाडीची किल्ली काढली आणि म्हणाले, ‘‘चला, आधी दवाखान्यात.’’ तीच त्या दिवसाची समारोपाची प्रार्थना. गाडीत पुढे विमलाबाई, मागे शीला, आणि तिच्या शेजारी मी, घाईत पट्टा नीट न बांधता.

डॉक्टरांनी गुडघ्याची खात्री दिली नाही. पुढे कितीतरी आठवडे विमलाबाई बिनपायाच्या बसून होत्या, रोज ड्रेसिंग. मंडळीतल्या बायका पाळीपाळीने जात होत्या. मी शीलाला सांगून ठेवलं होतं, जो येईल त्याला अर्थ दारातच ठेवून आत यायला सांग. गुडघा वाचला. त्यानंतर मी नवं सॉकेट केलं, आणि मापाच्या वेळी बाईंनी अशा तक्रारी सांगितल्या की गणपतरावांची आठवण झाली. इथे दाबते, इथे घासते, इथे ढिलं लागते. मी वरवर कटकट करत होतो आणि आतून देवाचे आभार मानत होतो. हो, देवाचे. मी रागीट आहे, नास्तिक नाही.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या डोक्यात आली, जी इतक्या वर्षांच्या उपासनांत आली नव्हती. आपला प्रभू मरणातून उठला. ज्याने मरण जिंकलं त्याला हातापायांतली खिळ्यांची भोकं बुजवणं काय अवघड होतं? अगदी नवं कोरं शरीर घेऊन आला असता तर कुणी नाही म्हणालं नसतं. पण खुणा तशाच ठेवल्या. आणि जो शिष्य विश्वास ठेवायला तयार नव्हता, त्याला उपदेश केला नाही, इथे बोट लाव म्हणून जागा दाखवली. वचन लहानपणापासून पाठ होतं. पण ते गुलाबराव मिस्त्रींच्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या पायामागे देवाचा हेतू काय होता, मला अजून माहीत नाही, आणि कुमुदताई, मी तो तुमच्यासाठी बनवूनही देणार नाही. पण मी ज्याच्यावर विश्वास ठेवतो तो स्वतःच्या जखमा झाकत नाही, एवढं मला पुरतं. दुःखाचा ख्रिस्ती अर्थ म्हणाल तर माझ्या हाती एवढाच लागला आहे.

गेल्या महिन्यात विमलाबाई आमच्या घरी आल्या होत्या. स्वतःच्या पायाने, फाटकापासून ओट्यापर्यंत काठी न घेता. शीला सोबत होती. चहा झाला. मी सवयीने त्यांच्या पायाची चौकशी केली, त्यांनी सवयीने दोन तक्रारी सांगितल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या,

‘‘आन्‌ तुमचं, भाऊ? तुमचं कुठं दुखते?’’

गुलाबराव गेल्यानंतर हे मला कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांनाही वाटतं, याला सवय झाली. मी आधी घट्ट्याचं सांगणार होतो. पण तोंडातून खरं ते निघालं. म्हटलं, ‘‘अंगठ्यात. जो पाय नाही त्याच्या अंगठ्यात. तेव्हापासून दुखते. कुणाला सांगायची सोय नाही, नसलेलं कसं दुखते म्हणून हसतील.’’

विमलाबाई हसल्या नाहीत. देवाची योजना वगैरे काही बोलल्या नाहीत. ‘‘असं व्हय,’’ म्हणाल्या, खुर्चीतून वाकल्या, आणि माझ्या कृत्रिम पायाचा रबरी अंगठा दोन्ही हातांत धरून दाबायला लागल्या. पोळ्या लाटून लाटून कडक झालेले हात. मी ‘‘अहो, राहू द्या’’ म्हणत होतो, पण पाय मागे घेतला नाही. बराच वेळ त्या दाबत राहिल्या.

दुखायचं थांबलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर कुमुदताई याची साक्ष करतील.